दोन हायब्रिड आणि तिसरी गाडी



गाडी घ्यायचे ठरले की आपल्याकडे पहिला प्रश्न निघतो तो ॲव्हरेजचा, आणि तो रास्तही आहे. राणीसावरगावच्या माणसाला तहसीलसाठी, रेल्वेसाठी गंगाखेड गाठावे लागते, जिल्हा कचेरीसाठी परभणी. मुलांच्या शिक्षणापायी लातूर-नांदेडच्या खेपा वेगळ्याच. लिटरमागे गाडी किती पळते यावर घरचा महिन्याचा हिशेब बसतो किंवा मोडतो. म्हणूनच हायब्रिड सेडानचे आकडे डोळ्यांत भरतात. होंडा सिटीची ई-एचईव्ही ही हायब्रिड आवृत्ती मे 2022 मध्ये भारतात आली. तिचा प्रमाणित आकडा लिटरला 27.13 किलोमीटर आहे. टोयोटा कॅमरी हायब्रिडची नवी पिढी डिसेंबर 2024 मध्ये आली आणि तिचा आकडा आहे 25.49. दोन्ही पेट्रोलच्या, दोन्ही ऑटोमॅटिक, आणि दोन्हींत इंजिनाच्या जोडीला एकटीच्या बळावर चाके फिरवू शकणारी विजेची मोटर. साहजिकच दोघींची माहितीपत्रके शेजारी ठेवून तुलना सुरू होते. पण ही तुलना दोघींपुरतीच ठेवली तर ती घेणाऱ्याची दिशाभूल करते, असे माझे मत आहे. तिसरी म्हणून एक साधी पेट्रोल गाडी तिथे आणून उभी केली पाहिजे आणि तिघींना आपल्या वर्षाच्या किलोमीटरने मोजले पाहिजे. असे केल्याशिवाय हायब्रिडसाठी जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ आहे की नाही, हे कळतच नाही.

आधी हायब्रिड पेट्रोल वाचवते कुठे, ते पाहू. साध्या गाडीत ब्रेक दाबला की गाडीची गती उष्णता होऊन वाया जाते आणि गाडी उभी असली तरी इंजिन चालूच राहते. हायब्रिडमध्ये ब्रेक लावताना मोटर जनित्रासारखी फिरते, वाया जाणाऱ्या गतीतून वीज तयार करते आणि ती बॅटरीत भरते. पुढे संथ वेगात तीच वीज चाके फिरवते. दोन्ही गाड्यांची रचना मात्र वेगळी आहे. सिटीमध्ये कमी वेगाला इंजिन मुख्यतः वीज तयार करते आणि चाके मोटर फिरवते. महामार्गावर एकसारखा वेग धरला की क्लच जुळतो आणि इंजिन थेट चाकांना जोडले जाते. कॅमरीमध्ये ग्रहचक्री गिअरांचा एक संच इंजिनाची शक्ती सतत चाके आणि जनित्र यांत वाटत राहतो. 1997 मध्ये जपानमध्ये आलेल्या प्रियसपासून टोयोटाने हीच वाट धरली आहे. या दोघींना खऱ्या अर्थाने हायब्रिड म्हणता येते. 2015 साली मारुती सियाझच्या डिझेल गाडीला एसएचव्हीएस नावाची जोड मिळाली होती. ती इंजिनाला हातभार लावायची, पण एकटीने गाडी हलवू शकत नव्हती. अशा सौम्य हायब्रिडसाठीचे केंद्राचे अनुदान 1 एप्रिल 2017 पासून बंद झाले. जुन्या बाजारात गाडी पाहताना मागचा हायब्रिडचा बिल्ला वाचून भुलू नये, ते यासाठी.

आता प्रमाणित आकड्याकडे वळू. पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेत गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या क्रमाने पळवतात. थांबणे, निघणे, पुन्हा थांबणे असा शहरी भाग या चाचणीत मोठा असतो, वेग ताशी 90 किलोमीटरच्या पुढे जात नाही आणि एसी बंद असतो. थांबत-निघत जाणाऱ्या रस्त्यावर हायब्रिड खुलते, म्हणून अशा चाचणीत तिचा आकडा उजळून निघतो. आपला रस्ता कसा आहे? राणीसावरगाव बालाघाटाच्या डोंगररांगेत आणि गंगाखेड खाली गोदाकाठी. उतारावर बॅटरी भरते हे खरे, पण या गाड्यांच्या बॅटरीत जेमतेम एका युनिटच्या आसपास वीज मावते. ती लवकर भरते आणि परतीच्या चढाला पेट्रोल जाळावेच लागते. गावोगावचे गतिरोधक आणि उसाच्या हंगामातल्या ट्रॉल्यांमागची संथ चाल हायब्रिडच्या फायद्याची आहे. उलट जालन्याजवळ समृद्धी महामार्गाला लागलो की ताशी 120 च्या मर्यादेत गाडी एकसारखी पळते. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो, आणि ब्रेकच लागत नसेल तर परत मिळवायला वीज कुठून येणार? मे महिन्यात परभणी तापते तेव्हा एसी बंद ठेवणेही कुणाला जमत नाही. म्हणजे कागदावरचा आकडा खोटा नाही, पण तो एका विशिष्ट रस्त्याचा आकडा आहे. आपला रस्ता त्याच्याशी किती जुळतो, हे ज्याचे त्याने पाहायचे.

समजा, एखादे कुटुंब आठवड्यातून दोनदा परभणीला जाते आणि बाकी फिरणे धरून वर्षाला 15,000 किलोमीटर गाडी चालवते. प्रमाणित आकड्याने सिटी हायब्रिडला 553 लिटर पेट्रोल लागेल आणि कॅमरीला 588 लिटर. फरक 35 लिटरचा. लिटरला 105 रुपये धरले तर वर्षाचे पावणेचार हजारसुद्धा होत नाहीत. सिटी हायब्रिड आली तेव्हा तिची शोरूम किंमत साडेएकोणीस लाख होती आणि नव्या कॅमरीची सुरुवात 48 लाखांपासून झाली. ज्या ॲव्हरेजवर आपण तास-तास बोलतो, ते या दोघींमधली निवड करूच शकत नाही. निवड दुसऱ्याच गोष्टी करतात. कॅमरीची लांबी 4.9 मीटरच्या पुढे आणि तिच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर 2,825 मिलिमीटर. सिटीचे अंतर 2,600. हे अंतर जितके जास्त तितके गतिरोधकावर गाडीचे पोट खाली टेकण्याचे भय जास्त, आणि काळ्या जमिनीवरचे आपले रस्ते दर पावसाळ्यात फुगतात, बसतात. दुसरीकडे, साध्या सिटीची डिकी 506 लिटरची, तर हायब्रिडची बॅटरी मागे बसवल्यामुळे सुमारे 200 लिटरने लहान. लग्नसराईत पाच माणसांचे सामान न्यायचे तर ही उणीव बोचेल. आणि हायब्रिडची दुरुस्ती जाणणारे अधिकृत सर्व्हिस सेंटर किती लांब आहे, हा प्रश्न तर सगळ्यांच्या वरचा. उच्च दाबाच्या विजेचे काम रस्त्याकडेच्या गॅरेजात करून घेण्यासारखे नसते.

कुणी म्हणेल, कॅमरी एवढ्या किमतीची, तिचे नाव इथे काढायचेच कशाला? एक कारण जुन्या बाजाराचे. कॅमरी हायब्रिडची जुळणी 2013 पासून कर्नाटकात बिडदीला होत आली आहे, आणि अशी वापरलेली कॅमरी नव्या सिटीच्या भावात किंवा त्याहून स्वस्तात दिसली की मोह होतो. अशा वेळी बॅटरीची वॉरंटी किती उरली हे आधी पाहावे, कारण ती गाडीच्या पहिल्या विक्रीपासून मोजतात, आपल्या खरेदीपासून नव्हे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. अडीच लिटर इंजिनाची एवढी मोठी गाडी दीड लिटरच्या सिटीच्या जवळपास आकडा देते, यातून हायब्रिडचा खरा गुण दिसतो. गाडी जितकी मोठी, तितकी तिच्यात वाया जाणारी गती जास्त आणि म्हणून बचतीला वाव जास्त. पण बचत मोठी दिसते म्हणून मोठी गाडी घेणे म्हणजे सूट मिळाली म्हणून नको असलेले कापड घेण्यासारखे आहे. आधी गरजेची गाडी ठरवावी आणि मग तिच्यात हायब्रिड परवडते का ते पाहावे.

इथेच तिसरी गाडी कामाला येते. सिटीचीच साधी पेट्रोल ऑटोमॅटिक आवृत्ती घ्या. तिचा प्रमाणित आकडा लिटरला 18.4. वर्षाच्या 15,000 किलोमीटरला तिला 815 लिटर लागतील, म्हणजे हायब्रिडपेक्षा 262 लिटर जास्त. 105 च्या भावाने हायब्रिडची वार्षिक बचत झाली साडेसत्तावीस हजार. दोघींच्या किमतीतला फरक आवृत्तीप्रमाणे बदलतो. आपण तो तीन लाख धरू. हे तीन लाख कर्जाचे असतील तर शेकडा 9 च्या दराने पहिल्या वर्षाचे व्याजच 27,000 होते. म्हणजे पेट्रोलमध्ये वाचले ते जवळजवळ सगळे सुरुवातीला बँकेच्या व्याजात गेले, मुद्दल तसेच राहिले. महामार्गावरच जास्त फिरणे असेल आणि प्रत्यक्षात हायब्रिडने 20 व साध्या गाडीने 16 दिले, तर बचत 19,700 वर येते आणि व्याजही भागत नाही. मात्र वर्षाला 30,000 किलोमीटर फिरणारा, तेही गावातून, गर्दीतून, थांबत-निघत फिरणारा माणूस असेल, तर त्याची बचत 55,000 होते. व्याज भागून मुद्दल फिटू लागते. गाडी आठ-दहा वर्षे ठेवणार असेल तर त्याच्यासाठी हायब्रिड हा शहाणपणाचा सौदा आहे.

यावर आक्षेप येतील आणि त्यांना उत्तर दिले पाहिजे. पहिला आक्षेप असा की पेट्रोल पुढे महागणारच. धरू या की लिटर 125 रुपयांना झाले. तरी 15,000 किलोमीटरची बचत 33,000 च्या आत राहते. भाव वीस रुपयांनी वाढला, पण निर्णय पालटला नाही. फिरणे दुप्पट झाले तर मात्र पालटतो. दुसरा आक्षेप बॅटरीच्या भीतीचा, आणि तो माझ्या मते अवाजवी आहे. दोन्ही कंपन्या बॅटरीला 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर, यांपैकी जे आधी येईल तोवर वॉरंटी देतात, आणि प्रियसपासून पाव शतकाहून अधिक काळाचा अनुभव या तंत्राच्या पाठीशी आहे. काळजी घ्यायची ती धुळीची. अशा अनेक गाड्यांत बॅटरी थंड ठेवणारी हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून आत घेतात. ती जाळी सामानाने झाकू नये आणि सर्व्हिसिंगच्या वेळी आठवणीने साफ करून घ्यावी. तिसरा आक्षेप कराचा. सरकार हायब्रिडला सवलत देते, असा समज अजून आहे. 2017 च्या जीएसटीत हायब्रिडवर उपकरासह 43 टक्के आणि दीड लिटरच्या साध्या पेट्रोल सेडानवर 45 टक्के कर होता. 22 सप्टेंबर 2025 पासून दोन्हींवर सरसकट 40 टक्के झाला, म्हणजे हायब्रिडची ती दोन टक्क्यांची आघाडीही संपली. उत्तर प्रदेशाने जुलै 2024 मध्ये अशा गाड्यांचा नोंदणी कर माफ केला म्हणून परभणीत एमएच-22 ची पाटी लावणाऱ्याला तो माफ होत नाही. ऑन-रोड किंमत आपल्या आरटीओप्रमाणे लेखी मागून घ्यावी.

सगळ्यात वजनदार आक्षेप पर्यावरणाचा आहे. सगळे रुपयांतच मोजायचे का? नाही. एक लिटर पेट्रोल जळाले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. 262 लिटर वाचले म्हणजे वर्षाला सहाशे किलो वायू टळला, आणि ज्या मराठवाड्यात पावसाची लहर पिकांचे नशीब ठरवते, तिथे ही गोष्ट हलकी मानता येत नाही. पण याही मापाने उत्तर किलोमीटरवरच येते. वर्षाला 5,000 किलोमीटर चालणारी हायब्रिड त्याच्या तिसरा हिस्साच वायू टाळते. तेच तीन लाख शेतावरच्या सौर पंपाला किंवा घरावरच्या सौर पॅनेलला लावले तर अधिक सत्कारणी लागतील. आणि कुणी म्हणाले की मला शांत, धक्का न देणारी, क्लच न दाबता चालणारी गाडी हवी आहे आणि त्यासाठी मी जास्त पैसे द्यायला तयार आहे, तर तेही पुरेसे कारण आहे. फक्त त्या खर्चाला बचत म्हणू नये.

तेव्हा श्रोतेहो, शोरूममध्ये जाण्याआधी घरच्या जुन्या गाडीचे किंवा भाड्याच्या फेऱ्यांचे वर्षाचे किलोमीटर लिहून काढा आणि त्यांतले गावातले किती, महामार्गावरचे किती हे वेगळे करा. चाचणीची फेरी शहराच्या गुळगुळीत रस्त्यावर न घेता, घरची माणसे बसवून, जमेल तर गंगाखेड ते राणीसावरगाव या चढावर घ्या. गतिरोधकावर पोट घासते का, डिकीत सामान बसते का, सर्व्हिस सेंटर किती लांब आहे, ते पाहा. मग दोन हायब्रिडच्या शेजारी साध्या गाडीची किंमत आणि कर्जाचे व्याज मांडा. वर्षाला पंचवीस-तीस हजार किलोमीटरच्या आत फिरणाऱ्या बहुतेक घरांना हा हिशेब साधी पेट्रोल गाडीच सुचवील, आणि त्याहून जास्त फिरणाऱ्याला हायब्रिड. दोन्ही उत्तरे बरोबर असू शकतात. अट एवढीच की ती आपल्या किलोमीटरांवरून निघालेली असावीत.