शिकवणी नको म्हणाली, तेव्हा

गेल्या महिन्यात आपण वाचायला एक इंग्रजी कादंबरी सुचवली होती, लिसा ज्युएल यांची ‘देन शी वॉज गॉन’. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ती वाचली आणि फोन करून, निरोप ठेवून मतं कळवली. आज त्या मतांबद्दलच बोलू या. शेवट सांगणार नाही, पण निम्मी गोष्ट उघड होईल. ज्यांचं वाचन अजून चालू आहे, त्यांनी खुशाल चहा टाकायला उठावं.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कादंबरी २०१७ मध्ये आली. एली मॅक ही उत्तर लंडनमधली पंधरा वर्षांची मुलगी. घरात सगळ्यात धाकटी, हुशार, हसतमुख. जीसीएसईच्या परीक्षेचे दिवस. लायब्ररीत अभ्यासाला जाते म्हणून घरातून निघते आणि परत येत नाही. ती आपणहून घर सोडून गेली असावी, असा पोलिसांचा कल होतो. पुढे आईवडिलांचा संसार मोडतो. दहा वर्षांनी आई, म्हणजे लॉरेल, एका कॅफेत फ्लॉइड नावाच्या माणसाला भेटते. त्याला नऊ वर्षांची मुलगी आहे, पॉपी. आणि ही पॉपी थेट एलीसारखी दिसते.

आता तुमची मतं. सगळ्यात जास्त तक्रार आली ती अशी, की “गुन्हेगार कोण ते आधीच कळलं, मग थ्रिलर कसला?” एका काकांनी तर पान क्रमांकासकट सांगितलं, की मी इथेच ओळखलं होतं! काका, तुमचं अभिनंदन. पण मला वाटतं, लेखिकेला ते लपवायचंच नव्हतं. ती मधूनच एलीच्या बाजूने सांगते, मधूनच ज्यांनी तिचं वाईट केलं त्यांना बोलू देते. ‘कोणी केलं’ हे आपल्याला लवकर कळतं. ‘हे कोणाच्या लक्षात कसं आलं नाही’ हा प्रश्न मात्र शेवटपर्यंत सुटत नाही.

दुसरी तक्रार लॉरेलवर. दहा वर्षं दुःखात असलेली बाई कॅफेतल्या अनोळखी माणसावर इतका पटकन विश्वास ठेवते? एका आजींना ते मुळीच पटलं नाही. त्यावर त्यांच्या सुनेचं उत्तर मला आवडलं. ती म्हणाली, “दहा वर्षं सगळे तिला ‘हरवलेल्या मुलीची आई’ म्हणूनच ओळखत होते. हा पहिला माणूस, जो तिच्याकडे नुसती बाई म्हणून बघतो.” सासूसुनेचा हा वाद अजून मिटलेला नाही असं कळतं.

तिसरं मत एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीचं. ती म्हणाली, “तुम्ही सगळे एलीसाठी रडता. हॅनाचं काय?” हॅना ही एलीची मोठी बहीण. आई दर आठवड्याला तिच्या फ्लॅटवर जाऊन साफसफाई करते, पण दोघींना एकमेकींशी धड बोलता येत नाही. आई मनात दोघी बहिणींची तुलना करत राहते. एक मुलगी हरवली, आणि दुसरी डोळ्यांसमोर असून आईला दिसेनाशी झाली. ही मुलगी पुढे म्हणाली, “आमच्या घरी कोणी हरवलेलं नाही. तरी मी हॅनाच आहे.” यावर मी काय बोलणार? तिची आईही हा कार्यक्रम ऐकते, एवढंच सांगते.

आणि आता ज्या फोनमुळे आजचा विषय ठरला, तो फोन. कादंबरीत एलीला गणितात आणखी चांगले गुण हवे असतात, म्हणून घरी शिकवणी लावतात. काही महिन्यांनी एलीच म्हणते, नको मला ही शिकवणी. शिकवणी बंद होते आणि विषय संपतो. त्या ‘नको’च्या मागे काय होतं, ते आईला कळायला वर्षं लागतात.

आपल्या एक श्रोत्या स्लाव्हमध्ये राहतात. मुलगी दहा वर्षांची, इलेव्हन प्लसचा क्लास चालू. मुलगी अधूनमधून म्हणायची, आई, मला नाही जायचं. या म्हणायच्या, फी भरली आहे, परीक्षा सप्टेंबरात आहे, आता नाटकं नकोत. कादंबरीतला तो भाग वाचला आणि त्या रात्री त्यांनी पुस्तक मिटून मुलीला विचारलं, “का नको वाटतं?” मुलगी आधी गप्पच. मग म्हणाली, सर सगळ्यांचे मार्क मोठ्याने वाचतात, माझ्या वेळेला हसतात, मग सगळे हसतात. किती दिवस? चार महिने. “मला का नाही सांगितलंस?” तर म्हणाली, “तू म्हणाली असतीस, फी भरली आहे.”

सुदैवाने, मंडळी, गोष्ट तेवढीच होती. पण हे सांगताना त्या बाईंचा आवाज फुटत नव्हता.

आपण इथे परक्या देशात आलो ते मुलांचं भलं व्हावं म्हणून. पाळत ठेवायला आपण कमी पडत नाही. मुलगी कुठे आहे, कोणाबरोबर आहे, किती वाजता येणार, सगळं फोनवर दिसतं. पण बाहेरच्या रस्त्याला आपण जितके घाबरतो, तितकं शिकवणीच्या खोलीकडे लक्ष देत नाही. शिकवणारा माणूस म्हटला की आपले हात आपोआप जोडले जातात. इंग्लंडमध्ये खासगी शिकवणी घेण्यासाठी सक्तीची नोंदणी लागत नाही. म्हणून विचारायला लाजू नका. डीबीएसचा दाखला बघायला मागा, दोन पालकांशी बोला, घरी शिकवणी असेल तर खोलीचं दार उघडं ठेवा. चांगल्या शिक्षकाला याचा राग येणार नाही.

आणि मूल ‘नको’ म्हणालं तर लगेच हो किंवा नाही म्हणू नका. ‘का’ एवढं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. भांडी घासताना, गाडीत, कुठेही.

जाता जाता दोन कामाच्या गोष्टी. मूल बेपत्ता झालं तर चोवीस तास थांबावं लागतं, हा गैरसमज आहे. काळजी वाटली की लगेच ९९९ वर पोलिसांना कळवा. ‘मिसिंग पीपल’ या संस्थेचा मोफत क्रमांक आहे ११६ ०००. आणि मुलांना स्वतःला कोणाशी बोलायचं असेल तर ‘चाइल्डलाइन’, ०८०० ११११. हा क्रमांक मुलांना माहीत असू द्या. तो दिला म्हणजे तुम्ही कमी पडलात असं होत नाही.

पुढच्या वेळी हलकंफुलकं पुस्तक घेऊ, काकांना शब्द दिला आहे. तोपर्यंत, आज जेवायला बसाल तेव्हा तुमच्या घरातल्या हॅनालाही एखादा प्रश्न विचारा. नमस्कार.