जाड भिंती आणि वायफाय



आज मी तुम्हांला आमच्या घरची गोष्ट सांगणार आहे. ती भिंतींची आहे, आणि माझ्या चुकीचीही आहे.

साताऱ्याकडे आमचे जुने घर आहे. पुढे ओसरी, मग माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि शेवटी आईची खोली. भिंती खाली दगडाच्या, वर पांढऱ्या मातीच्या. जाडी दोन फुटांहून अधिक. उन्हाळ्यात घर कसे गार राहते! पण त्या भिंतींतून मोबाईलची रेंज येत नाही. म्हणून आम्ही वायफाय घेतले.

माझी आई ८८ वर्षांची. पडली आणि मांडीचे हाड मोडले. तेव्हापासून ती खाटेवरच. धाकटी बहीण बडोद्याला असते. दर रविवारी ती फोनवर आईला तोंड दाखवते. पण फोन आईच्या खोलीत नेला की चित्र थांबे, आवाज तुटे. आई म्हणे, "काय गं, बोलत का नाहीस? रागावलीस का?" ते ऐकून माझ्या पोटात कालवाकालव होई.

मग मी काय केले? जास्त पैशांचा, जास्त वेगाचा प्लॅन घेतला. फरक नाही. रिपीटर नावाचे यंत्र आणले आणि आईच्या उशाशी लावले. त्याचा दिवा लागला, चित्र मात्र हलेना. पैसे गेले, पण कोणाला विचारले नाही. जन्मभर मुलांना शिकवले, आता मी कोणाला विचारू? ही लाज फार महाग पडते, बरे का!

एके दिवशी माझा जुना विद्यार्थी पंखा दुरुस्त करायला आला. तो वायरमन आहे. त्याने विचारले, "गुरुजी, वायफायचा डबा कुठे आहे?"

डबा होता ओसरीवरच्या लोखंडी कपाटात! नातवंडे हात लावतात म्हणून मीच ठेवला होता.

तो हसला. म्हणाला, "गुरुजी, तोंडावर हात धरून हाक मारली तर ती लांब कशी जाईल?"

वायफाय म्हणजे जादू नव्हे. त्या रेडिओच्या जातीच्या लाटा आहेत. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात अशा लाटा भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली. ही गोष्ट मी वर्गात कितीदा सांगितली असेल! लाट भिंतीतून जाते हे खरे. पण जाता जाता दमते. भिंत जाड किंवा ओली असेल तर जास्तच दमते. आणि लोखंडाचा पत्रा तर तिला परत लावतो.

त्याने मला चार गोष्टी शिकवल्या. त्या तुम्हीही ध्यानात ठेवा.

पहिली. आधी डब्याजवळ उभे राहून पाहा. तिथेही चित्र अडकत असेल तर दोष भिंतीचा नाही, बाहेरून येणाऱ्या लाइनचा आहे. मग कंपनीकडे तक्रार करा.

दुसरी. डबा घराच्या मध्यावर, उंच आणि उघड्यावर ठेवा. कपाटात नको. कोनाड्यातही नको, कारण तिथे तीन बाजूंना भिंतच असते.

तिसरी. पुष्कळ डब्यांतून दोन प्रकारच्या लाटा निघतात. एक २.४ गिगाहर्ट्झची, दुसरी ५ ची. ५ ची वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हरते. २.४ ची सावकाश, पण भिंतीतून जास्त जाते. लांबच्या खोलीत २.४ घ्या.

चौथी. रिपीटर अंधाऱ्या टोकाला लावू नका. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही, तो दुसऱ्याला काय सांगणार? तो वाटेत, जिथे लाट अजून चांगली पोचते तिथे लावा.

आम्ही डबा माजघरातल्या फळीवर ठेवला. स्वयंपाकघरात चित्र नीट येऊ लागले. आईच्या खोलीत मात्र अजून तुटे. मग तो म्हणाला, "भिंतीशी भांडू नका, गुरुजी. तारेने जाऊ."

लॅनची तार १०० मीटरपर्यंत चालते. आम्हांला १५ मीटर पुरली. भिंत फोडावी लागली नाही. दाराच्या चौकटीवरच्या फटीतून तार नेली. घरात जुना डबा पडून होता. त्याची सेटिंग बदलून तो आईच्या खोलीत तारेला जोडला. आता लाटेला भिंत ओलांडावीच लागत नाही. खर्च फक्त तारेचा आणि त्याच्या मजुरीचा. मजुरी तो घेत नव्हता, मी बळेच दिली.

पुढच्या रविवारी बहिणीचा फोन आला. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "केस पांढरे झाले गं तुझे."

एवढे दिवस तिला ते दिसलेच नव्हते.

मंडळी, आधी पाहा, मग विचारा, आणि शेवटी पैसे काढा. मी उलट केले. विचारायला वयाची लाज धरू नका. तुम्ही या वयात पाटी हाती घेतली आहे. हे तुम्हांला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.