नकाशाचा रंग बदलतो तेव्हा
(गावसभेतल्या भाषणाचा मजकूर)



आयाबायांनो, दादांनो, दलाल आपल्या भागात फिरतात आणि म्हणतात, "ग्रीन झोन आता येलो होणार, भाव येणार." झोन बदलणं म्हणजे काय, ते आरेच्या उदाहरणावरून सांगतो.

मुंबईत गोरेगावला आरे आहे. तिथं आपल्यासारखेच वारली, कोकणा, मल्हार कोळी राहतात. २७ पाडे आहेत. भात लावतात, भाजी काढतात. १९४९ मध्ये तिथं सरकारची दूध कॉलनी झाली. पाडे जागेवरच राहिले, पण कागदावर जमीन सरकारची. नकाशात ती ना विकास क्षेत्र होती, म्हणजे बांधकाम नको. २०१७ मध्ये सरकारने नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली त्यातल्या ३३ हेक्टरचा वापर बदलला आणि तिथं मेट्रोची कारशेड दाखवली. मेट्रोसाठी प्रजापूरपाड्यातली घरं उठवली, झोपडपट्टी योजनेच्या इमारतीत खोल्या दिल्या. खोलीत माणूस राहील, पण भात कुठं लावायचा? कोंबड्या कुठं सोडायच्या?

४ ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टाने अर्ज फेटाळले. त्याच रात्री करवती चालल्या. ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडं पडली होती.

आता कोणी म्हणेल, माझा सातबारा माझ्या नावावर आहे, रंगानं काय होतं? नाव बदलत नाही, खरं आहे. पण भाव चढतो, दलाल दारात येतो, कर्जात असलेल्याला गाठतो. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, म्हणून दुसऱ्याच आदिवासीच्या नावावर कागद करतात. आणि ज्याचा वनहक्काचा दावा पडून आहे, तो तर नकाशात दिसतच नाही.

आपल्या हातात काय आहे? आरे अनुसूचित क्षेत्रात नाही, आपली गावं आहेत. पेसा कायद्याने भूसंपादनाआधी ग्रामसभेशी सल्लामसलत करावी लागते. वनहक्क कायदा २००६, कलम ४(५) सांगतं की दाव्याची तपासणी पुरी झाल्याशिवाय वनजमिनीवरून कोणाला काढता येत नाही.

म्हणून कामं तीन. एक, राहिलेले दावे, वैयक्तिक आणि सामूहिक दोन्ही, वनहक्क समितीकडे द्या आणि पोच घ्या. दोन, झोन बदलाची नोटीस राजपत्रात, पेपरात येते, पाड्यावर कोणी सांगायला येत नाही. शिकलेल्या पोरांनी लक्ष ठेवा. कलम ३७ च्या बदलाला हरकतीची मुदत एकच महिना असते. दुसऱ्या कलमाखाली असेल तर मुदत नोटिशीत वाचा. तीन, हरकत लेखी द्या, गट नंबर लिहा, सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा.

मुदत गेल्यावर मोर्चा काढावा लागतो. मोर्चा काढूच, पण आधी कागद देऊ.

जिंदाबाद!