उन्हाळ्याचा प्रवास आणि घरातील मुका सोबती



आजचा विषय पत्रिकेत छापून आला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांला रस्त्यात गाठले आणि विचारले, "काहो, काल वेदान्त, उद्या अर्थकारण आणि मध्येच आज कुत्र्यामांजरांचा प्रवास? व्याख्यानमालेला विषय मिळेनासे झाले काय?" आम्ही म्हणालो, "कालचे आणि उद्याचे विषय मोठे खरेच. पण ते ऐकून घरी गेल्यावर आपण लगेच काही करू असे नाही. आजच्या विषयातून उद्या सकाळी करण्याजोगे काहीतरी निघेल." शिवाय हा विषय नवाही नाही. महाभारतात धर्मराज अखेरच्या प्रवासाला निघाला, तेव्हा द्रौपदी आणि चौघे भाऊ एकेक करून वाटेत पडले. शेवटपर्यंत सोबत राहिले ते एक कुत्रे. इंद्र रथ घेऊन आला आणि त्याने कुत्र्याला तेथेच सोडण्यास सांगितले. धर्मराजाने स्वर्ग नाकारला, पण कुत्रे सोडले नाही. आपण स्वर्गाला निघालेले नसतो. रत्नागिरीला, नाहीतर नागपूरला मामाकडे निघालेले असतो. तरीही कुत्र्याचे काय करायचे हा प्रश्न आपल्याला आठवतो तो आदल्या रात्री, बॅगांना कुलपे लावताना. ही रीत उलटी करावी, जनावराचा विचार आधी आणि तिकिटांचा नंतर करावा, एवढेच आज आम्हांला सांगायचे आहे.

हे सांगण्याचा आमचा अधिकार कोणता, असे कोणी विचारील. आम्ही पशुवैद्य नाही. आमचा अधिकार चूक केलेल्या माणसाचा आहे.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही सहकुटुंब मोटारीने कोकणात निघालो. बरोबर आमची नऊ वर्षांची कुत्री होती, चिंगी. घाट उतरल्यावर दुपारी साडेबाराच्या सुमारास जेवणासाठी थांबलो. खाणावळीत कुत्र्याला नेण्याची सोय नव्हती. म्हणून आंब्याच्या सावलीत मोटार उभी केली, काचा दोन-दोन बोटे खाली केल्या आणि 'आलोच' म्हणून आत गेलो. ताटे यायला उशीर झाला. पाऊण तासाने बाहेर येऊन पाहतो तो सावली सरकून पलीकडे गेलेली आणि चिंगी मागच्या बाकावर आडवी पडून धापा टाकीत होती. तोंडाला चिकट फेस आला होता. आम्ही तिला बाहेर काढले, अंगावर पाणी ओतले, वारा घातला. अर्ध्या तासाने ती उठली, थोडे पाणी प्याली, तिने शेपूटही हलवले. संकट टळले असे आम्हांला वाटले. पुढे तालुक्याच्या गावी जनावरांचा दवाखाना वाटेतच लागला. पण मुले कंटाळली होती, घरी वाट पाहत असतील असे वाटले, म्हणून आम्ही थांबलो नाही. दुसऱ्या दिवशी ती खाईना, तिला रक्ताची हगवण लागली. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

नंतर आमच्या पशुवैद्यांनी समजावून सांगितले. उष्माघातानंतर जनावर वरून सावरल्यासारखे दिसले, तरी मूत्रपिंडे, यकृत आणि आतडी यांना झालेली इजा एक-दोन दिवसांनी प्रकट होते. त्याच दुपारी उपचार सुरू झाले असते तर कदाचित ती वाचली असती. आमच्या हातून दोन चुका झाल्या. पहिली अज्ञानाची, दुसरी आळसाची. पहिलीबद्दल आम्ही स्वतःची कशीबशी समजूत घालतो. दुसरीबद्दल ती घालता येत नाही.

आता त्यामागचे कारण पाहू. आपल्याला घाम येतो, तो वाळतो आणि अंग थंड होते. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांच्या तळव्यांपुरता. त्याचे सारे थंड होणे धापा टाकण्यावर, म्हणजे जिभेवरून आणि श्वासमार्गातून ओलावा वाळण्यावर अवलंबून असते. भोवतालची हवाच तापलेली आणि कोंदट असली की हा उपाय थकतो. कुत्र्याचे निरोगी तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. ते ४१ च्या वर गेले की जिवावर बेतते. बंद मोटार उन्हात उभी राहिली तर पहिल्या अर्ध्या तासातच आतली हवा बाहेरच्यापेक्षा पंधरा-अठरा अंशांनी तापू शकते, आणि काचा थोड्या उघड्या ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. पग, बुलडॉग अशी चपट्या नाकाची कुत्री, पर्शियन मांजरे, म्हातारी, लठ्ठ आणि हृदयविकाराची जनावरे यांना धोका अधिक. तेव्हा नियम एकच: मोटारीत जनावर एकटे ठेवायचे नाही, पाच मिनिटेसुद्धा नाही. जेवायला पाळीपाळीने जावे. आणि प्रसंग आलाच तर सावलीत घेऊन साधे गार पाणी सर्वांगावर भरपूर ओतावे, वारा घालावा; ओले फडके अंगावर गुंडाळून ठेवू नये, त्याने उष्णता आत कोंडते. बेशुद्ध जनावराच्या तोंडात पाणी ओतू नये. नंतर ते उठून बसले तरी थेट दवाखान्यात न्यावे.

आता तयारीकडे वळू. पहिला प्रश्न, न्यायचे की ठेवायचे? याचे उत्तर आपल्या हौसेवर नव्हे, जनावराच्या स्वभावावर द्यावे. कुत्रे माणसाला धरून असते, मांजर घराला. म्हणून धडधाकट, प्रवासाची सवय असलेले कुत्रे बरोबर येण्यात सुख मानते. मांजराला बहुधा स्वतःच्याच घरात, ओळखीच्या माणसाच्या देखरेखीखाली ठेवणे बरे. म्हाताऱ्या किंवा आजारी जनावराला मे महिन्यात हलवूच नये.

न्यायचे ठरले तर महिनाभर आधी पशुवैद्यांकडे जावे. रेबीजची लस चालू आहे ना, हे पाहावे; पहिलीच लस असेल तर तिचा प्रभाव बसायला तीन-चार आठवडे लागतात. गावाकडे मोकाट कुत्र्यांशी गाठ पडणारच, आणि रेबीज एकदा प्रकट झाला की माणसालाही जवळजवळ खात्रीने मृत्यू, हे विसरू नये. गोचिडांवरचे औषध निघण्यापूर्वीच लावून घ्यावे. लसीकरणाची वही आणि प्रकृतीचा दाखला बरोबर ठेवावा. पट्ट्याला आपला मोबाईल क्रमांक लिहिलेला बिल्ला अडकवावा. परक्या गावात सुटलेले कुत्रे घर शोधू शकत नाही. मांजर न्यायचेच असेल तर तिची टोपली पंधरा दिवस आधीपासून घरात उघडी ठेवावी, म्हणजे ती तीत आपण होऊन निजू लागते.

आगगाडीने जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की वातानुकूलित पहिल्या वर्गाचा दोन किंवा चार शायिकांचा अख्खा कप्पा आपल्या नावावर असेल तरच कुत्रे आपल्याजवळ राहू शकते. नाहीतर त्याची रवानगी ब्रेकव्हॅनमधल्या पेटीत होते, आणि मेच्या दुपारी ती पेटी म्हणजे भट्टीच. त्या वाटेने जायचेच तर रात्रीची गाडी पाहावी, आणि नियम पार्सल कचेरीत आधीच विचारून घ्यावेत. मोटारीने जाणाऱ्यांनी पहाटे निघावे, तीन-चार तास आधी हलके खाऊ घालावे, आणि दर दोन तासांनी थांबून पाणी पाजावे. डांबरावर चालवण्यापूर्वी आपल्या हाताचा मळवा त्यावर टेकून पाहावा. आपल्याला चटका बसला तर त्याच्या पंजालाही बसतो.

गावी पोचल्यावर रात्री कुत्र्याला अंगणात बांधू नये. शहरातल्या माणसाला बिबट्याची आठवण राहत नाही. अकोले तालुक्यात अभ्यासकांनी बिबट्याच्या विष्ठेची तपासणी केली, तेव्हा त्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्याचा निघाला. बांधलेल्या कुत्र्याला तर पळताही येत नाही.

आता ठेवून जाणाऱ्यांविषयी. बोर्डिंगमध्ये ठेवणार असाल तर जागा स्वतः दुपारी दोन वाजता जाऊन पाहावी. तेव्हा सावली, वारा आणि पाणी यांची खरी स्थिती कळते. शेजारच्या काकूंवर सोपवणार असाल तर काकूंवर नुसते प्रेमाचे ओझे न टाकता एक कागद लिहून द्यावा: खाणे काय, किती, केव्हा; पशुवैद्यांचा क्रमांक; खर्चाचे पैसे; आणि 'माझ्याशी बोलणे झाले नाही तरी उपचार करा' अशी स्पष्ट परवानगी. त्याच कागदावर तीन गोष्टी ठळक लिहाव्यात. मांजराने दोन दिवस अन्न घेतले नाही तर थांबू नये, यकृत बिघडते. बोक्याला लघवी होत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना. आणि ताप वाटला म्हणून आपल्या घरातली पॅरासिटामॉलची गोळी देऊ नये; मांजराला तो जीवघेणा विषप्रयोग ठरतो.

परत आल्यावरही दोन-तीन आठवडे लक्ष असू द्यावे. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड पाहावेत. गोचीडताप पुष्कळदा उशिरा उमटतो; मरगळ, ताप, हिरड्या फिक्या पडणे ही त्याची चिन्हे.

राज्यसभेत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी लावून धरलेल्या प्रयत्नांतून १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. उपाशीतहानेले राहील अशा अवस्थेत जनावर टाकून जाणे हा त्यात गुन्हा ठरला. पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला तो दहा ते पन्नास रुपयांचा. पन्नास रुपयांच्या भीतीने कोणी सुधारेल असे आम्ही मानीत नाही. जनावर आपल्या घरी स्वतः होऊन आलेले नसते. आपण त्याला आणलेले असते. आपण कोठे निघालो हे त्याला कळत नाही, परत केव्हा येणार हे विचारता येत नाही, आणि तहान लागली असे सांगता येत नाही. त्याच्या वतीने विचारायचे ते आपणच, आणि ते निघण्याआधी.

आज घरी गेल्यावर सुट्टीचा बेत पुन्हा एकदा काढा, आणि त्यात पहिली ओळ त्याच्या नावाची लिहा. आमच्या बेतात ती ओळ नव्हती.