आम्ही दहा जणी ओरत्तनाडूला गेलो
(देवणी इथं झालेल्या महिला बचत गटांच्या वार्षिक सभेतलं बोलणं, अंकासाठी लिहून काढलेलं)



अध्यक्षताईंनी मला विषय दिला, ‘तमिळनाडूचा प्रवास’. प्रवास म्हणलं की आपल्या डोळ्यापुढं देव येतो. तुळजापूर, पंढरपूर, लई झालं तर तिरुपती. मी आज देवाचं कमी बोलणार आणि पैशाचं, बसचं, झोपायच्या जागेचं जास्त. कारण परत आल्यापासून ज्या ज्या गावात बैठकीला गेले, तिथं दोनच प्रश्न आले. खर्च किती आला, आणि घरच्यांनी सोडलं कसं?

पैशाचं आधी सांगते. आम्ही दहा जणींनी महिन्याला 200 रुपये बाजूला टाकले, 20 महिने. एकीचे 4,000 झाले, आणि त्यात जाऊन-येऊन भागलं. हे पैसे नेहमीच्या बचतीत मिसळले नाहीत. वेगळी वही, वेगळी पावती. पहिल्याच बैठकीत ठराव लिहिला की प्रवासासाठी गटाचं कर्ज कुणी उचलायचं नाही. शेळीला कर्ज घेतलं तर शेळी विते. प्रवासाला घेतलं तर घरी आल्यावर नुसता हप्ता उभा राहतो. ज्या गटांना आमच्यासारखं करायचं आहे त्यांनी हा ठराव आधी करावा, तारीख नंतर ठरवावी.

घरच्यांचं उत्तर एवढं सोपं नाही. आमच्यातल्या तिघी अशा होत्या की माहेर, सासर आणि दवाखाना सोडून त्यांनी कुठं रात्र काढलेली नव्हती. एकीला दीर म्हणाले, संगं एक बापा माणूस न्या. एकजण विधवा आहे, तिला भावकीतल्या बायाच म्हणल्या, तुला आता कशाला फिरायचं? मी त्या घरी तीनदा गेले. वाद घातला नाही. वही दाखवली. पैसे तिचे आहेत, वीस महिने तिनं शेतातल्या मजुरीतून टाकलेत, एवढंच दाखवलं. चौथ्यांदा जायची गरज पडली नाही.

सहलीच्या बसवाल्याला पण विचारलं होतं. त्यानं नऊ दिवसांत चौदा देवळं सांगितली आणि आकडा आमच्या वहीच्या जवळजवळ तिप्पट. मला पैशापेक्षा ती चौदा देवळं खटकली. रात्रभर बसमध्ये पाय सुजवायचे, पहाटे रांगेत उभं राहायचं, आणि गावातल्या एकाही बाईशी बोलायचं नाही. याला मी तरी फिरणं म्हणणार नाही.

मग एक लहानच गाव धरायचं ठरलं. तंजावर जिल्ह्यातलं ओरत्तनाडू. तंजावरपासून पट्टुकोट्टैच्या रस्त्याला सुमारे 25 किलोमीटर. आपल्या देवणीसारखंच, तालुक्याचं, आठवड्याचा बाजार आणि शेती यावर चालणारं. तिथंच का, ते सांगते.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी 1675 च्या सुमारास तंजावर घेतलं, आणि भोसल्यांचं राज्य तिथं 1855 पर्यंत राहिलं. तंजावरचं मोठं देऊळ चोळ राजाचं, सन 1010 च्या सुमारास पुरं झालेलं. पण त्याच्या भिंतीवर 1803 साली सरफोजीराजांनी भोसल्यांचा सगळा इतिहास मराठीत कोरून ठेवलाय, देवनागरी अक्षरात. चार दिवस एकही पाटी न वाचता आलेल्या आम्ही, त्या भिंतीपुढं उभ्या राहून बोट लावून अक्षरं लावायलो होतो. तिसरी शिकलेली बाई पण एक-एक शब्द वाचत होती.

त्याच सरफोजीराजांनी रामेश्वरच्या वाटेवर चालत जाणाऱ्या लोकांसाठी छत्रम् चालवली. आपण अन्नछत्र म्हणतो तेच. यातली बरीच राजघराण्यातल्या बायकांच्या नावानं आहेत. नीडामंगलमला यमुनांबाळ छत्रम् आणि ओरत्तनाडूला मुक्तांबाळ छत्रम्. ओरत्तनाडूचं एक नावच मुक्तांबाळपुरम्. बाईच्या नावाचं गाव! आपल्याकडं सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायला किती चपला झिजवाव्या लागतात ते आठवा.

1801 साली राजांनी इंग्रजांच्या रेसिडेंटला पत्र लिहिलं, की राज्याचं काही होवो, ही छत्रं मात्र चालू राहू द्या. तिथं काय काय होतं हे त्या पत्रात सविस्तर आहे. सगळ्या जातींच्या वाटसरूंना, जोगी, जंगम, बैराग्यांना जेवण. आजारी पडला तर औषध आणि पथ्याचं खाणं, बरा होईपर्यंत. लेकरांना दूध. अनाथ पोरांना शाळेच्या मास्तरांकडं सोपवलेलं. आणि वाटेत एखादी बाई बाळंत झाली तर बाळंतपण छत्राच्या खर्चानं, वर तीन महिने तिथंच राहायची मुभा. तीन महिने! मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या पोरी डोळ्यापुढं आल्या. पाचटाच्या कोपीत बाळंत होऊन आठ-पंधरा दिवसांत मोळी उचलणाऱ्या. सव्वादोनशे वर्षांपूर्वी पायी चालणाऱ्या बाईची जी सोय होती ती आज टोळीतल्या बाईची नाही. यावर सभेत वेगळा ठराव घ्या असं मी म्हणलं होतं, इथंही परत म्हणते.

ते छत्रम् आम्ही पाहिलं. दगडाचं जोतं, त्यावर कोरलेले हत्ती आणि घोडे, आत मोठमोठे चौक. आता तिथं उतरायची सोय नाही. दगडावर हात ठेवून आम्ही सावलीला बसलो, भाकरीची चटणी काढली, आणि पाणी प्यालो. उतरलो होतो तंजावरला, बसस्टँडजवळच्या लॉजवर, आणि रोज बसनं ओरत्तनाडूला जायचो.

बसची गोष्ट नीट ऐका. आपल्या लालपरीत मार्च 2023 पासून बाईला अर्धं तिकीट. सीमा ओलांडून बीदर-भालकीला गेलं की कर्नाटकात बायांना फुकट, पण ते तिथल्या रहिवासी बायांना, आधार दाखवून. आपल्याला तिथं पूर्ण पैसे मोजावे लागतात, हे तुम्हाला माहीतच आहे. तमिळनाडूत मे 2021 पासून साध्या टाउन बसमध्ये बाईला तिकीट नाही, आणि तू कुठली हे कुणी विचारत नाही. कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट फाडून हातात देतो. आमच्यातल्या एकीनं ते जपून पर्समध्ये ठेवलंय. फक्त लांबच्या आणि जलद गाड्यांना पैसे पडतात, म्हणून चढायच्या आधी विचारायचं. साधी बस दहा मिनिटं उशिरा आली तरी थांबायचं.

जेवणाला केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, ताक. भाकरीची आठवण तिसऱ्या दिवशी येते, हे आधीच सांगते. ज्वारीच्या दशम्या आणि शेंगाची चटणी नेली होती, ती तिथं कामाला आली. मोठ्या शहरात ‘अम्मा उणवगम्’ नावाची सरकारी खानावळ असते. 2013 ला चेन्नईत सुरू झाली तेव्हा इडली 1 रुपयाला, सांबारभात 5 ला आणि दहीभात 3 ला ठेवला होता. पण मला दर सांगायचा नाही. ही खानावळ चालवतात बचत गटाच्या बाया. पदर खोचून, डोक्याला टोपी बांधून, शेकडो माणसांचं रांधतात आणि पगार घेतात. आपण मात्र शाळेच्या खिचडीच्या मानधनासाठी महिनोन् महिने वाट बघतो.

भाषेची भीती सगळ्यांना होती. दोन दिवसांत गेली. अक्का म्हणजे तिथं पण थोरली बहीणच. ‘एव्वळवु’ म्हणजे केवढ्याला. ‘तण्णी’ म्हणजे पाणी. ‘पोदुम्’ म्हणजे पुरे, आणि हा शब्द जेवताना पहिल्यांदा शिका, नाहीतर भात वाढतच राहतात. बायकांच्या संडासाच्या दारावर ‘पेण्गळ्’ लिहिलेलं असतं. ते अक्षर कागदावर कुणाकडून तरी काढून घ्यायचं आणि ब्लाउजमध्ये ठेवायचं. हिंदी फारशी चालत नाही. त्याचा राग मानू नका. त्यांच्या गावात आपण मराठी बोललो तर ते हसून उत्तर देतात, ते मी पाहिलंय.

ओरत्तनाडूच्या बाजारात फुलं हातानं मोजून विकतात. कोपरापासून बोटापर्यंत एक ‘मुळम्’. फुलवालीनं मोगरा मोजला, तोडला, आणि आम्हा सगळ्यांच्या हातात एक-एक तुकडा देत गेली. ती आमच्या विधवा मैत्रिणीलाही दिला. तिला काय माहीत? मैत्रीण फुलं घेऊन उभी राहिली. आम्ही कुणीच काही बोललो नाही. ‘घाल’ म्हणलो नाही, ‘घालू नको’ही म्हणलो नाही. मग तिनं शेजारणीच्या केसातली पिन मागून घेतली. संध्याकाळी लॉजवर येईपर्यंत मोगरा तिच्या अंबाड्यात होता. घरी आल्यावर भावकीत हे कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं. मला तिनंच परवा सांगितलं, सभेत सांग, नाव तेवढं घेऊ नको.

दुसऱ्या दिवशी एका मांडवाखाली पंधरा-वीस बाया गोल बसलेल्या दिसल्या, मधी वह्या. वह्या बघितल्या आणि आम्ही ओळखलं. तिथं त्याला ‘मगळिर् सुय उदवि कुळु’ म्हणतात. ओरत्तनाडूला 2012 पासून जनावरांच्या डॉक्टरकीचं कॉलेज आहे, आपल्या उदगीरला आहे तसंच. तिथली एक हिंदी येणारी पोरगी रस्त्यानं चालली होती, तिला हाक मारून बसवलं. पण तिच्या आधीच मी हात वर करून पाच बोटं दाखवली, आणि त्यांच्यातली एक म्हातारी एक-एक बोट मोडून मोजायली. बैठक, बचत, कर्ज, फेड, वही. पंचसूत्री! सगळ्या हसायल्या.

मग दोन तास बोललो. त्यांचा भाग कावेरीचा, कालव्याच्या शेवटाकडचा. मेट्टूरच्या धरणातून पाणी सुटतं साधारण 12 जूनला, आणि कालव्याच्या शेपटापर्यंत कधी येतं यावर त्यांची भाताची लावणी. आम्ही सांगितलं, 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आणलं होतं. त्या पोरीला ते तीनदा विचारावं लागलं, तिला वाटलं आपलं ऐकण्यात चुकलं. त्यांनी नोव्हेंबर 2018 च्या ‘गजा’ वादळाचं सांगितलं. एका रात्रीत नारळाच्या बागा आडव्या झाल्या. नारळ नव्यानं लावला की फळाला पाच-सहा वर्षं, आणि कर्जाचा हप्ता दर महिन्याला. वादळ, गारपीट, दुष्काळ, नाव काहीही असो, हप्त्याची तारीख हलत नाही. यावर दोन्हीकडच्या बाया एकदम गप्प झाल्या.

जनावरांचं पण निघालं. मी मोबाइलवर आपला देवणी वळू दाखवला. त्यांनी त्यांच्याकडचा उंबळाचेरी दाखवला. चिखलाच्या भातशेतीत चालणारं काटक जनावर. वासरू जन्मतं तांबूस, आणि सहा-आठ महिन्यांत करडं होतं. आपल्या वानेऱ्याचं काळं तोंड बघून त्या म्हणल्या, याला कुणी काजळ घातलं?

आता कामाचं. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. उदगीरहून बीदर-विकाराबाद मार्गे हैदराबाद, तिथून चारमिनार एक्स्प्रेसनं चेन्नई, आणि चेन्नईहून रात्रीची ‘उळवन्’ एक्स्प्रेस तंजावरला. उळवन् म्हणजे शेतकरी. 45 वर्षांपुढच्या बाईला खालचा बर्थ आधी मिळतो, म्हणून फॉर्मवर वय खरं लिहा. 58 वर्षांपुढच्या बायांना तिकिटात अर्धी सवलत होती ती 2020 पासून बंद आहे, त्या भरवशावर पैसे कमी जमवू नका. लॉज जाण्याआधी फोनवर ठरवा. आम्हाला एका लॉजवर ‘संगं पुरुष कोण’ असं विचारून परत पाठवलं होतं, दुसऱ्यानं दहाही आधार कार्डं बघून दोन खोल्या दिल्या. सगळे पैसे एकीच्या कमरेला नको, तिघीत वाटा. गाडीत अडचण आली तर 139, रस्त्यात 112.

पोंगलच्या आठवड्यात, म्हणजे आपल्या संक्रांतीला, जाऊ नका, गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. एप्रिल-मेचा उकाडा सोसत नाही. सोयाबीनची रास झाली, हरभरा पेरून झाला, की डिसेंबरचा पहिला पंधरवडा बरा. पुढच्या वेळी दहा जागा आहेत. त्यातल्या चार एकल बायांसाठी ठेवाव्यात असं माझं मत मी सभेत मांडलं, त्यावर ग्रामसंघांनी आपापल्या बैठकीत बोलून लेखी कळवायचं आहे. नावं सीआरपी ताईंकडं द्या, पहिल्या महिन्याचे 200 रुपये सोबत. आणि अंगावर घ्यायला पातळ चादर आणा, स्लीपरच्या डब्यात पांघरूण मिळत नाही.