म्हातारी मांजरे आणि आमची वही



पगारवाढ आणि बोनस यांवर घसा कोरडा करणाऱ्या माणसाने मांजरांवर बोलावे, याचे आपणांस हसू येईल. खुशाल हसा, आमच्या घरीही हसतात. परंतु विषय आमच्या करंजाड्यातलाच आहे. विमानतळासाठी गावे उठली आणि त्यांतली काही कुटुंबे वडघर-करंजाड्याच्या बाजूस येऊन राहिली. मांजर मात्र माणसापेक्षा जागेला अधिक धरून असते. घर पडले तरी चुलीच्या जागी बसून राहिलेली मांजरे आम्ही पाहिली, आणि तेथून या कामास लागलो. आम्ही पाचसहा जण म्हातारी व आजारी तेवढीच घरी आणतो. पिल्लाला घर मिळते; दात पडलेल्या बोक्याला कोण विचारतो?

कल्पना आमची नव्हे. १८३२ साली मुंबईत मोकाट कुत्री मारण्यावरून दंगा झाला, आणि १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने पांजरपोळाची स्थापना झाली. निरुपयोगी जनावरालाही मरेपर्यंत दाणापाणी मिळावे, हा विचार तर त्याहूनही जुना.

पण "मरेपर्यंत" हा शब्द बोलायला सोपा आहे. म्हाताऱ्या मांजराचे मूत्रपिंड हळूहळू निकामी होते. ते पाणी फार पिते, वाळत जाते, अंग चाटायचे सोडते. शिवाय मांजर दुखणे लपवते. आपल्या ध्यानात येईतो बराच उशीर झालेला असतो. कातडीखाली सलाइन देऊन दिवस बरे जातात, पण गेलेले मूत्रपिंड परत येत नाही.

आमची एक वही आहे. तीत दोनच रकाने होते : "आले" आणि "गेले". तळोज्यात कंत्राटावर काम करणारा एक तरुण तिसऱ्या मांजरानंतर यायचा थांबला. म्हणाला, "माझा हात लागला की मरतं." आम्ही काय केले? भाषण केले! पुढे काम पडले आहे, म्हणालो. १९८२ च्या गिरणी संपानंतर कर्ती माणसे, हार जणू आपल्याच हातून झाली, अशी गप्प बसलेली आम्ही लहानपणी पाहिली होती. तरीही हे शहाणपण!

पुढे आमच्यावरच पाळी आली. एक भाटी आम्ही अकरा दिवस उगाच जगवली, कारण वहीत "गेली" लिहायला हात धजेना. ती घुरघुरत होती, म्हणून सुखात आहे असे समजलो. मांजर वेदनेतही घुरघुरते, हे डॉक्टरांनी नंतर सांगितले. ते अकरा दिवस तिचे नव्हते, आमचे होते.

तेव्हापासून एक मांजर दोघांच्या नावे असते. खाणे सुटले, उठणे सुटले, तर काय करायचे ते डॉक्टरांना विचारून आधीच ठरते. झोपेच्या इंजेक्शनाच्या वेळी दोघेही हजर राहतात. मांजर गेल्यावर महिनाभर दुसरे न घेण्याची मुभा आहे, कारण विचारायचे नाही. हक्काची रजाच म्हणा ना! आणि वहीत तिसरा रकाना आला : येथे काय केले. "खिडकीत उन्हाला झोपला." "बांगड्याचे डोके खाल्ले." एवढेच लिहितो.

परवा तो तरुण आला, वही मागून घेतली. त्याच्या तिन्ही मांजरांपुढचा रकाना कोरा होता, तो त्याने बसून भरला. नवे मांजर त्याने नेलेले नाही. आम्हीही विचारलेले नाही.