भूमिस्वामी आणि राखणदार



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, ते आम्हांला शब्दांची फोड करावयास शिकवीत. आज मी ‘अनुदान’ हा एकच शब्द फोडणार आहे. ‘अनु’ म्हणजे मागाहून, पाठोपाठ. आधी काम, त्यामागून दान, असा अर्थ त्यातून काढता येतो. शेतातील माती आणि पाणी राखण्यासाठी सरकार जे अनुदान देते, ते कामाच्या पाठोपाठ जाते की कागदाच्या, एवढाच माझा प्रश्न आहे.

वैनगंगेच्या या खोऱ्यात धान पिकत आले ते साठविलेल्या पाण्याच्या आधाराने. तळी, बोड्या आणि बांध्या ही आपली जुनी व्यवस्था. 1951 साली मालगुजारी संपली, तळी सरकारजमा झाली आणि पाळीवर माती टाकण्याचे काम बहुतेक ठिकाणी कोणाचेच राहिले नाही. 1956 साली भंडारा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. परंपरा एक, योजना दोन झाल्या. मध्य प्रदेशाने 2007 साली बलराम तालाब योजना आणली. तीत सर्वसाधारण शेतकऱ्यास खर्चाच्या 40 टक्के आणि लहान शेतकऱ्यास 50 टक्के, ठरावीक मर्यादेपर्यंत, देण्याची तरतूद होती. महाराष्ट्राने 2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ म्हणून 50,000 रुपयांपर्यंत अनुदान ठरविले. अमेरिकेत 1985 च्या कायद्याने, धूप होणारी जमीन 10 ते 15 वर्षे नांगराखालून काढून गवताखाली व झाडांखाली ठेवणाऱ्यास वार्षिक भाडे देण्याची प्रथा पडली.

दूरची उदाहरणे पुरेत. थोडी वडिलार्जित शेती माझ्याही नावे आहे. मी शहरात शिकवीत होतो. जमीन बटईने दिलेली होती. तळ्याचा अर्ज माझ्या नावे गेला, कारण खसऱ्यात नाव माझे. खोदाईच्या वेळी उन्हात उभा राहिला तो बटईदार. पहिल्या पावसात पाळ फुटू नये म्हणून रात्र जागला तोही तोच. रक्कम माझ्या खात्यात आली. त्याने काही मागितले नाही आणि मीही काही विचारले नाही. पुढे मी बटईदार बदलला. नव्या माणसाला पाळ कोठे कच्ची आहे हे ठाऊक नव्हते. काही पावसाळ्यांतच पाळ खचली आणि तळे गाळाने भरले. दोष कोणा कचेरीचा नव्हता. तो माझा होता.

मध्य प्रदेशाची 1959 ची भू-राजस्व संहिता जमीनधारकास ‘भूमिस्वामी’ म्हणते. मोठा भारदस्त शब्द! परंतु स्वामी दूर असतो आणि राखणदार बांधावर असतो. 2016 साली याच राज्याने भूमिस्वामी व बटईदार या दोघांच्या हितरक्षणाचा कायदा केला. त्यात लेखी कराराची वाट आहे. ‘कागद केला तर जमीन जाईल’ या भीतीने आपण मालक ती वाट चालत नाही. म्हणून माझे मागणे दोन गोष्टींचे. मालकाने करार लिहावा आणि संरक्षणाच्या कामाचा वाटा त्यात नमूद करावा. सरकारने अनुदानाचा काही भाग खोदाईनंतर लगेच न देता, दोन-तीन पावसाळे गेल्यावर, पाळ उभी आहे हे पाहून, ती राखणाऱ्याच्या हाती द्यावा.

येथे बसलेल्यांपैकी अनेकांची शेती बटईने आहे आणि मुले शहरात आहेत. घरी गेल्यावर एकदा आपल्या राखणदाराशी बोला. गुरुजींना तीच खरी आदरांजली ठरेल, असे मला वाटते.